राहते घर, वारस आणि अल्लाहने आखलेल्या मर्यादा



हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या रणभूमीवर जे सहाबी शहीद झाले, त्यांत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) हे होते. त्यांच्या मागे पत्नी व दोन मुली राहिल्या. अरबस्तानातील जुन्या प्रथेप्रमाणे सअद (रजि.) यांच्या भावाने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली, कारण जो तलवार चालवतो तोच वारस, अशी त्या समाजाची धारणा होती. त्या विधवेने आपल्या दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गाऱ्हाणे मांडले की, यांच्या काकांनी सारे घेतले आहे आणि मालमत्तेवाचून या मुलींचे विवाहही होणार नाहीत. अल्लाहच याचा निर्णय करील, असे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले. त्यानंतर वारसाहक्काची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) त्या काकांना बोलावून आदेश दिला की, दोन्ही मुलींना मिळून दोनतृतीयांश, त्यांच्या आईला एकअष्टमांश आणि जे उरेल ते तुमचे.

या घटनेचा क्रम लक्षात घ्या. वारसाहक्काचा कायदा एका विधवेच्या तक्रारीवर, दोन अनाथ मुलींच्या हक्कासाठी उतरला. आज चौदा शतकांनंतर आपल्या घरांत तीच तक्रार पुन्हा ऐकू येते. फरक इतकाच की तलवारीची जागा आता कोऱ्या कागदावरील सहीने घेतली आहे.

या पाठात आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. आयुष्यभराच्या कष्टाने उभे केलेले राहते घर, न्यायालयाच्या पायऱ्या न चढता आणि शरीयतची मर्यादा न ओलांडता वारसांच्या हाती कसे जावे?

प्रोबेटची भीती निराधार आहे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शहरातील पुष्कळ कुटुंबांत असे समजले जाते की, कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर न्यायालयातून 'प्रोबेट' आणल्याशिवाय घर वारसांच्या नावावर होत नाही. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेटचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि मृत्युपत्र असले तरी, मुंबईसारख्या शहरांत ज्या कलमाने प्रोबेटची सक्ती केली गेली, त्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१३ मध्येच मुस्लिमांची मृत्युपत्रे स्पष्टपणे वगळलेली होती. एखाद्या कार्यालयात सरसकट प्रोबेट मागितले गेले, तर ही गोष्ट नम्रपणे पण ठामपणे लेखी कळवावी.

मुस्लिमांच्या वारसाहक्काला १९३७ च्या शरीयत अधिनियमानुसार आपला व्यक्तिगत कायदा लागू होतो. त्यानुसार मृत्यूच्या क्षणीच मालमत्तेवर वारसांचा हक्क प्रस्थापित होतो आणि प्रत्येकाचा हिस्सा ठरून जातो. कोणी तो 'देण्याची' आवश्यकता नसते. म्हणून भावाने बहिणीला हिस्सा दिला, ही भाषाच चुकीची आहे. तो हिस्सा तिचाच असतो, भावाने तो फक्त अडवायचा नसतो.

दोन अपवाद येथेच नोंदवू. ज्यांचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली झाला आहे, त्यांच्या वारसाहक्काला सामान्यतः उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. गोव्यातील मुस्लिमांनाही १९३७ चा कायदा लागू नाही. तेथे सर्वधर्मीयांसाठी एकच उत्तराधिकार कायदा असून इन्व्हेंटरीची प्रक्रिया आहे. अशा वाचकांनी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

वाटणीपूर्वी तीन देणी

सूरह निसाच्या ११ व १२ व्या आयतींत हिस्से सांगताना अल्लाहने पुनःपुन्हा आठवण दिली आहे की, ही वाटणी वसीयत व कर्ज यांच्यानंतरची आहे. विद्वानांनी त्यावरून हा क्रम निश्चित केला आहे: प्रथम कफन-दफनाचा माफक खर्च, नंतर सर्व कर्जे, नंतर एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, आणि जे उरेल ते वारसांना.

कर्जांमध्ये बँकेचे गृहकर्ज येते, वाण्याची उधारी येते आणि पत्नीचा न दिलेला महरही येतो. महर हे पतीवरील कर्ज आहे. मयताच्या खाटेपाशी शोकाकुल पत्नीकडून तो 'माफ' करवून घेण्याची जी रीत आढळते, तिला शरीयतमध्ये आधार नाही. विधवेला तिचा महर मिळतो आणि त्याशिवाय वारस म्हणून तिचा हिस्साही मिळतो. एकामुळे दुसरा रद्द होत नाही.

हिस्सा कसा निघतो?

एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थाच्या मागे आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. वडील हयात नाहीत. कर्जे फेडून झाली आहेत, वसीयत नाही, आणि मागे फक्त राहते घर आहे. त्या घराचे १२० भाग कल्पावेत. अपत्ये असल्याने आईला एकषष्ठांश, म्हणजे २० भाग. पत्नीला एकअष्टमांश, म्हणजे १५ भाग. उरलेले ८५ भाग मुलांमध्ये, मुलाला मुलीच्या दुप्पट या प्रमाणात: प्रत्येक मुलाला ३४ आणि मुलीला १७. बेरीज १२० होते.

या हिशेबात मुलीचे लग्न झाले आहे की नाही, तिला लग्नात काय दिले, ती सासरी सुखी आहे की नाही, यांपैकी एकाही गोष्टीला स्थान नाही. लग्नाचा खर्च हा वारसाहक्काचा हप्ता नव्हे. तसेच वृद्ध आजीचे २० भाग 'तिला आता काय करायचे आहेत' म्हणून विसरता येत नाहीत. याच आयतींच्या लगेच नंतर, सूरह निसाच्या १३ व १४ व्या आयतींत, या वाटणीला अल्लाहने आखलेल्या मर्यादा म्हटले आहे, त्या पाळणाऱ्यास स्वर्गाचे वचन दिले आहे आणि ओलांडणाऱ्यास नरकाग्नीचा इशारा दिला आहे. नमाज-रोज्याच्या बाबतीत दक्ष असणाऱ्या माणसाने हा इशारा वाचून क्षणभर थांबले पाहिजे.

जिवंतपणी देणे: हिबा

काही आईवडिलांना वाटते की, आपल्या डोळ्यांदेखतच घराची व्यवस्था लावावी. शरीयतने त्याची परवानगी दिली आहे. आपल्या हयातीत, शुद्धीवर व निरोगी असताना, मोबदला न घेता मालमत्ता देणे म्हणजे हिबा. त्यास एकतृतीयांशाची मर्यादा नाही. मात्र तो पूर्ण होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याची स्पष्ट घोषणा, घेणाऱ्याची स्वीकृती आणि ताबा.

यांतील ताब्याचे महत्त्व हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या एका प्रसंगातून समजते. त्यांनी आपली कन्या हजरत आयेशा (रजि.) यांना गाबा येथील बागेतील २० वसक खजूर देऊ केले होते. परंतु ते तोडून ताब्यात घेण्याचे राहून गेले. मृत्युशय्येवर असताना अबू बक्र (रजि.) यांनी लाडक्या लेकीला सांगितले की, तू ते घेतले असतेस तर तुझे झाले असते, आज मात्र ती वारसांची मालमत्ता आहे, तुझे दोन भाऊ व दोन बहिणी आहेत, अल्लाहच्या ग्रंथाप्रमाणे वाटून घ्या. आयेशा (रजि.) यांना नवल वाटले, कारण त्यांना अस्मा (रजि.) ही एकच बहीण ठाऊक होती. दुसरी बहीण अजून आईच्या उदरात होती. जन्मही न झालेल्या मुलीचा हिस्सा ज्या पित्याने मृत्युसमयी लक्षात ठेवला, त्याच्या आदर्शाकडे आपण पाहावे आणि मग आपल्या घराच्या कागदाकडे पाहावे.

कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२९ ने मुस्लिम हिब्याचे नियम अबाधित ठेवले आहेत; म्हणून तिन्ही अटी पूर्ण असतील तर तोंडी हिबाही वैध ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजाबीबी विरुद्ध शेख फरीद या खटल्यात सांगितले की, केवळ लेखी आहे म्हणून हिब्याची नोंदणी सक्तीची होत नाही. असे असले तरी आमचा आग्रहाचा सल्ला हा की हिबानामा लिहावा, साक्षीदार घ्यावेत आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत अल्लाहने कर्जाच्या व्यवहारातही लिहून ठेवण्याची व साक्षीदार करण्याची शिकवण दिली आहे. न लिहिलेला शब्द दिवंगताबरोबर कबरीत जातो आणि मागे भांडण ठेवून जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून निवासी घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये ठेवलेले आहे. नोंदणी फी व स्थानिक अधिभार वेगळे असतात, त्यांची चौकशी आधी करून जावे.

ताबा म्हणजे देणाऱ्याने घर सोडून रस्त्यावर यावे असे नव्हे. पिता व पुत्र एकाच घरात राहत असतील, किंवा पतीने पत्नीला घर दिले असेल, तर हेतू दाखविणारी ठोस कृती पुरेशी मानली जाते: मूळ कागदपत्रे सुपूर्द करणे, घरपट्टी व वीजदेयक नव्या मालकाच्या नावे करणे, मालमत्ता पत्रकावर फेरफार नोंदविणे, गृहनिर्माण संस्थेच्या भागदाखल्यावर नाव बदलणे. अज्ञान मुलाला पित्याने दिले तर पालक म्हणून पित्याचाच ताबा त्या मुलाचा ताबा होय.

एका घराचे अविभक्त हिस्से अनेकांना देताना अधिक जपावे. जे वाटता येते ते वाटून, हद्द दाखवून द्यावे, असे हनफी मत आहे. रत्नागिरी-रायगडकडील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत. शाफई मतानुसार अविभक्त हिश्श्याचा हिबाही चालतो. आपण ज्या मताचे अनुयायी आहात, त्या मताच्या जाणकार आलिमाला कागद करण्यापूर्वी विचारावे.

हिब्यातील दोन धोके

पहिला धोका अन्यायाचा. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. उत्तर नकारार्थी आल्यावर त्यांनी साक्षी होण्यास नकार दिला आणि अल्लाहचे भय बाळगून अपत्यांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. त्या पित्याने ती देणगी परत घेतली. म्हणूनच बहुसंख्य विद्वानांचे मत आहे की, हयातीतील देणगीत मुलगा व मुलगी समान असावेत. दोनास एक हे प्रमाण मृत्यूनंतरच्या वारशाचे आहे. एखादे अपत्य अपंग आहे, कर्जात बुडाले आहे, किंवा त्याने वर्षानुवर्षे आईवडिलांची सेवा केली आहे, अशा सबळ कारणाने अधिक देण्यास वाव आहे. पण मुलींना वगळण्यासाठी केलेला हिबा, तो कायद्याने टिकला तरी, आखिरतमध्ये प्रश्न उभा करील.

दुसरा धोका देणाऱ्याचा स्वतःचा. सर्व काही देऊन बसलेल्या वृद्ध आईबापांना पुढे आपल्याच घरात परके व्हावे लागते. म्हणून घर देण्याची घाई करू नये. आपली व आपल्या पत्नीची म्हातारपणाची सोय प्रथम पाहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. मात्र ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी.

आणखी एक महत्त्वाची बाब: मृत्यूच्या आजारात केलेला हिबा वसीयतीसारखा मानला जातो. तो एकतृतीयांशापुरता मर्यादित असतो, आणि वारसाला दिलेला असल्यास इतर वारसांच्या संमतीवाचून लागू होत नाही. म्हणजे रुग्णालयातील खाटेवर, नळ्या लावलेल्या अवस्थेत घेतलेला अंगठा धर्मालाही मान्य नाही आणि कायद्यालाही.

वसीयत कशासाठी?

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना त्यांना आपली बहुतेक संपत्ती दान करावीशी वाटली. प्रेषितांनी (स.) त्यांना एकतृतीयांशावर थांबविले, आणि तेही पुष्कळ आहे असे सांगून समजावले की, वारसांना लोकांपुढे हात पसरावे लागतील असे सोडण्यापेक्षा त्यांना सधन सोडणे बरे. अखेरच्या हजच्या प्रसंगी त्यांनी हेही जाहीर केले की, अल्लाहने प्रत्येकाला त्याचा हक्क दिलेला असल्याने वारसाच्या नावे वसीयत नाही. सुन्नी कायद्यानुसार वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच अंमलात येते. शिया कायद्यात एकतृतीयांशापर्यंत ती संमतीशिवायही चालते.

तर मग वसीयतीचा उपयोग कोणाला? ज्यांना वारसाहक्कात हिस्सा नाही पण ज्यांचा आपल्यावर भार आहे, त्यांना. सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे आपल्या आधी वारलेल्या मुलाची मुले. दुसरा मुलगा हयात असताना त्या नातवंडांना आजोबांच्या मालमत्तेत वारसाहक्क येत नाही. पुष्कळदा तक्रार होते की, शरीयतने अनाथांना वाऱ्यावर सोडले. वास्तविक शरीयतने एकतृतीयांश मालमत्ता आजोबांच्या हाती मोकळी ठेवली आहे. ते लिहीत नाहीत, हा दोष त्यांचा आहे. आपल्या घरात असे नातवंड असेल तर ही ओळ वाचून झाल्यावर कागद घ्या. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या कथनानुसार, ज्याच्यापाशी वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहिलेली नसताना दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

मुस्लिम वसीयतीसाठी ठराविक नमुना सक्तीचा नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही तारीख, मालमत्तेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रकाचा क्रमांक, देणी-घेणी, न दिलेला महर, सुटलेली जकात आणि दोन विश्वासू साक्षीदारांच्या सह्या त्यात असाव्यात.

निधनानंतर घर नावावर कसे करावे?

सर्व वारस एकमताचे असतील तर मार्ग सरळ आहे. मृत्यूचा दाखला घ्यावा आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र करावे. गावात तलाठ्याकडे व शहरात नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्यावा, आणि अर्जात आई, पत्नी, मुली यांची नावे प्रथम तपासावीत. फेरफाराची नोंद ही महसुली नोंद आहे. एखादे नाव सुटले म्हणून हक्क बुडत नाही, पण पुढील पिढीला तो सिद्ध करण्यास वर्षे लागतात.

गृहनिर्माण संस्थेत ज्याचे नामनिर्देशन असेल तो मालक होत नाही. तो इतर वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. वडिलांनी अर्जात थोरल्याचे नाव लिहिले म्हणून सदनिका थोरल्याची झाली, असे मानणे म्हणजे अमानतीत खयानत होय.

घर लहान असेल, भिंती घालून वाटता येत नसेल, तर एका वारसाने बाजारभावाने इतरांचे हिस्से विकत घ्यावेत, किंवा घर विकून रक्कम वाटावी, किंवा भाड्याने देऊन भाडे हिश्श्याप्रमाणे वाटावे. वाटणीपत्र व हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे. आखातात किंवा अन्यत्र असलेल्या वारसाने तेथील भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवावे. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते. वारसांत वाद असेल किंवा एखादी संस्था आग्रह धरीत असेल, तर दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली वारस दाखला मिळतो.

हक्कसोडपत्राविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वडील हयात असताना मुलीकडून 'मला काही नको' असे लिहून घेण्याला सामान्यतः अर्थ नाही, कारण जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडता येत नाही. वडिलांच्या पश्चात ती स्वेच्छेने सोडू शकते. पण स्वेच्छा म्हणजे काय? तिला तिचा हिस्सा किती, त्याची किंमत किती, हे कळले आहे काय? 'सही केली नाहीस तर माहेर तुटेल' ही भीती तिच्या मनात नाही ना? माहेरचा उंबरठा शाबूत राहावा म्हणून बहिणीने केलेली सही ही देणगी नव्हे. उत्तम रीत अशी की, प्रथम तिचा हिस्सा तिच्या नावावर करावा. नंतर सहा महिन्यांनी, वर्षाने, तिला वाटलेच तर तिने भावाला द्यावा. या रीतीने किती बहिणी हिस्सा सोडतात, ते भावांनी स्वतःच पाहावे.

वाटणीच्या वेळी आणखी एक आज्ञा विसरली जाते. सूरह निसाच्या ८ व्या आयतीनुसार, हिस्सा नसलेले आप्त, अनाथ व गरीब तेथे उपस्थित असतील तर त्यांनाही त्यातून काही द्यावे आणि त्यांच्याशी गोड बोलावे.

घरी बसून विचार करण्यासाठी

या महिन्यात एका संध्याकाळी, इशाच्या नमाजनंतर, कुटुंबाला एकत्र बसवून पुढील प्रश्न वाचावेत.

१. आपल्या घराचे मूळ कागद कोठे आहेत आणि ते कोणाच्या नावावर आहेत? आजोबांच्या नावावरच असतील, तर आत्याचा हिस्सा तिला पोहोचला आहे काय?
२. पत्नीचा महर दिला आहे काय? नसल्यास तो कोठे लिहिलेला आहे?
३. आपल्यावरील कर्जांची यादी घरात दुसऱ्या कोणाला माहीत आहे काय?
४. आज आपले निधन झाले तर वारस कोण असतील आणि प्रत्येकाचा हिस्सा किती होईल? तो कागदावर मांडून आलिमाकडून तपासून घ्या.
५. वारसाहक्क नसलेला पण आपल्या आधाराचा एखादा जीव घरात आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना घरात शांतता पसरली, तर समजावे की कामाची सुरुवात तेथूनच करावयाची आहे. विटा-मातीचे घर येथेच राहणार आहे. त्याच्या एका भिंतीत कोणाचा हक्क चिणला गेला असेल, तर तेवढे ओझे मात्र आपल्याबरोबर येईल.

अल्लाह आपणा सर्वांस हक्कदारांचे हक्क हयातीतच ओळखण्याची व ते पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.